गोव्यात लॅटिन नृत्यसंध्या कशी उभी करावी: आयोजकाचा व्यवसाय आणि देणगीचा हिशेब

लॅटिन संगीताच्या आयोजनात पाऊल टाकणाऱ्याने भव्य पोस्टर आणि परदेशी डीजे यांच्या आधी एक साधे गणित मनाशी पक्के करावे. सालसा किंवा बचाटा हे जोडीने करायचे लॅटिन नाच मनापासून नाचणारा माणूस दारू जवळजवळ पीत नाही. गिरक्या घ्यायच्या, जोडीदाराचा तोल सांभाळायचा आणि तीन तास पायांवर उभे राहायचे म्हटल्यावर तो पाणी मागतो, फार तर एखादा लिंबू सोडा मागतो. गोव्यातील क्लब, बार आणि शॅक यांचा हिशेब मात्र दारूच्या विक्रीवर चालतो. त्यामुळे हॉल गच्च भरलेला, नाच रंगलेला, आयोजक खूश आणि मालकाचा चेहरा उतरलेला, असे चित्र या धंद्यात वारंवार दिसते, आणि महिन्याभरात तो वार दुसऱ्या कोणाला तरी दिला जातो. व्यवसाय टिकवायचा असेल तर या विसंगतीवरचा उपाय आधी शोधावा लागतो. कलाकार, जाहिरात आणि सजावट यांचा विचार त्यानंतर करावा.

जागामालकाशी व्यवहार तीन प्रकारे होतो. पहिल्या प्रकारात प्रवेश मोफत ठेवून बारच्या विक्रीतील ठरावीक टक्के आयोजकाला मिळतात, आणि वर सांगितलेल्या कारणामुळे लॅटिन नृत्यसंध्येसाठी हा व्यवहार सर्वांत वाईट आहे. दुसऱ्यात आयोजक 'बार गॅरंटी' देतो, म्हणजे विक्री ठरलेल्या आकड्यापर्यंत पोहोचली नाही तर उरलेली रक्कम स्वतःच्या खिशातून भरतो. नवख्या माणसाने या अटीवर सही करूच नये, कारण अशी पदरमोड दोन-तीनदा झाली की पुढच्या कार्यक्रमाचे भांडवल त्यातच संपते. तिसऱ्या प्रकारात जागेचे भाडे ठरलेले असते, तिकिटाचे पैसे आयोजकाचे आणि बारचे पैसे मालकाचे. हा व्यवहार दोघांनाही मानवतो, मात्र मालकाकडून तो वार मागावा ज्या दिवशी त्याची जागा एरवी रिकामी असते. शनिवारची रात्र मागणाऱ्याला कोणी भाड्यात सवलत देत नाही. मंगळवार, बुधवार किंवा रविवारची संध्याकाळ मागितली तर मालक ऐकून घेतो, कारण त्या वेळी त्याचे वेटर तसेही बसूनच असतात.

खर्चाचा अंदाज नेहमी अर्ध्या हॉलवर बसवावा. समजा, हॉलमध्ये ८० माणसे आरामात नाचू शकतात आणि तिकीट ४०० रुपये आहे, तर पूर्ण उत्पन्न ३२,००० रुपये दिसते. पण भाडे, डीजे, शिक्षक, साउंड आणि दारावरची माणसे यांचा एकूण खर्च १६,००० रुपयांच्या आत बसत नसेल तर तो कार्यक्रम हाती घेऊ नये. नाचाच्या आधी तासभराचा नवशिक्यांचा वर्ग ठेवला आणि त्याची फी वेगळी घेतली तर या गणिताला बळकटी येते. वर्गात येणारा माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा येण्याची शक्यता नुसते तिकीट काढून आलेल्या पर्यटकापेक्षा कितीतरी जास्त असते, आणि नेमाने येणाऱ्या माणसांवरच हा व्यवसाय चालतो.

ही युक्ती नवी नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील पॅलेडियम बॉलरूममध्ये १९५० च्या दशकात बुधवारी संध्याकाळी 'किलर जो' या नावाने ओळखला जाणारा पिरो हा शिक्षक आधी मॅम्बो या क्युबन नाचाचे धडे देत असे आणि मग माचितो, टिटो पुएन्ते, टिटो रॉद्रिगेस यांच्या वाद्यवृंदांवर गोरे, काळे, ज्यू, इटालियन आणि पोर्तो रिकन लोक एकाच फरशीवर नाचत असत. आठवड्याच्या मधला दिवस, आधी वर्ग आणि मग नाच, हा आराखडा आज मुंबई-पुण्यापासून पणजीपर्यंत जसाच्या तसा वापरला जातो. पॅलेडियमचा शेवटही आयोजकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९६१ मध्ये तिथला दारूचा परवाना गेला आणि १९६६ मध्ये ते दालन बंद पडले. वाद्यवृंद तेच होते आणि नाचणारेही तेच होते, पण परवाना गेल्यावर त्या दालनाचे अर्थकारण फार काळ तग धरू शकले नाही.

गोव्याचा श्रोता कोण

पोर्तुगीज वारशामुळे गोव्यात लॅटिन संगीताला आयते मैदान आहे, अशी समजूत बाहेरून येणाऱ्या आयोजकांमध्ये आढळते. ती बरीचशी चुकीची आहे. पोर्तुगालचा फादू हा बसून ऐकण्याचा गानप्रकार आहे, तर सालसा क्युबाच्या 'सोन' या संगीतप्रकारातून आणि न्यूयॉर्कमधील क्युबन-पोर्तो रिकन वस्त्यांमधून घडलेला, बचाटा डॉमिनिकन प्रजासत्ताकातला आणि किझोम्बा अंगोलातला. अंगोलाही एके काळी पोर्तुगीज वसाहत होती आणि किझोम्बाची अनेक गाणी पोर्तुगीजमध्ये आहेत, एवढाच काय तो धागा. पणजीच्या फोंतायन्यश या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीतल्या वयस्कर मंडळींना त्यातले शब्द कळतात, पण नाच त्यांच्या ओळखीचा नसतो.

खरे आयते मैदान वेगळीकडे आहे. गोव्यातील ख्रिस्ती लग्नांत आजोबांपासून नातवापर्यंत सर्वजण जोडीने नाचतात, आणि चा-चा-चा व जाइव्ह त्यांच्या अंगवळणी पडलेले असतात. चा-चा-चा हा एन्रिके होरीन या क्युबन संगीतकाराने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हवानात रूढ केलेला प्रकार आहे. म्हणजे दक्षिण गोव्यातील सासष्टीतल्या कोणत्याही लग्नात क्युबाची पावले पडतच असतात, फक्त कोणी त्यांना लॅटिन म्हणत नाही. म्हणून डीजेला सांगून संध्याकाळची सुरुवात चा-चा-चाने करावी. भिंतीला टेकून उभी असलेली स्थानिक माणसे पहिल्या दोन गाण्यांतच फरशीवर उतरतात, आणि मग त्यांना सालसाकडे नेणे सोपे जाते.

मराठी आणि हिंदू गोमंतकीय श्रोत्याला जोडून घेण्याची वाट निराळी आहे. जोडीने नाचण्याचा सराव त्याला घरातून मिळालेला नसतो, आणि फोंड्याहून किंवा डिचोलीहून आलेला तरुण अनेकदा मित्रांच्या घोळक्यात उभा राहून नुसता बघत राहतो. त्याच्या कानाला मात्र हे ताल परके नाहीत. संगीतकार सी. रामचंद्र आणि त्यांच्यासोबत वाजवणारे गोमंतकीय ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांनी १९५० च्या सुमारास बोंगो आणि माराकास या लॅटिन तालवाद्यांचे ताल हिंदी चित्रपटसंगीतात आणून रुळवले, आणि ती गाणी या तरुणाच्या आजोबांनाही पाठ आहेत. अशा श्रोत्यासाठी वर्गात जोडीदार सतत बदलत ठेवावेत, पहिला अर्धा तास एकट्याने करायची पावले शिकवावीत आणि सूचना कोकणी-मराठीत द्याव्यात. शिक्षक इंग्रजीतच बोलत राहिला की हा माणूस पुन्हा येत नाही, असा माझा अनुभव आहे.

उरले पर्यटक आणि गोव्यात राहणारे परदेशी. ऑक्टोबर ते मार्च या काळात ते हॉल भरतात आणि एप्रिलमध्ये निघून जातात. केवळ त्यांच्या भरवशावर वर्षभराचा करार करणाऱ्या आयोजकाला जूनमध्ये भाडे भरताना घाम फुटतो.

वेळ, आवाज आणि फरशी

रात्री दहा ही गोव्यातील आयोजकाच्या दिनक्रमातील सर्वांत महत्त्वाची वेळ आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातील ठरावीक, जास्तीत जास्त १५ दिवस सणसमारंभांसाठी मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण आपला साप्ताहिक कार्यक्रम त्या यादीत बसत नाही. बंदिस्त सभागृहाला यातून सूट असली तरी बाहेर जाणाऱ्या आवाजाची मर्यादा सुटत नाही. निवासी भागात ती दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्या १०० मीटर परिसरातील शांतता क्षेत्रात त्याहूनही कमी. हणजूण, वागातोर आणि शिवोलीच्या ग्रामस्थांनी रात्रीच्या आवाजाविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठवला आहे आणि उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेही हा प्रश्न गांभीर्याने घेतला आहे. अशा वेळी 'सगळेच वाजवतात' हे उत्तर पोलीस ठाण्यात उपयोगी पडत नाही.

यावरचा माझ्या मते सर्वांत चांगला उपाय म्हणजे कार्यक्रमच लवकर घेणे. रविवारी पाच वाजता वर्ग, सहा ते साडेनऊ नाच आणि दहाच्या आत हॉल रिकामा, असा बेत केला तर आवाजाचा प्रश्न मुळातच उद्भवत नाही, सोमवारी कामावर जाणारी माणसे येतात, बायका एकट्या येऊ शकतात आणि परतीची सोयही होते. परतीच्या सोयीची गोष्ट किरकोळ वाटते, पण गोव्यात रात्री उशिरा बस मिळत नाही, टॅक्सीचे भाडे ऐकून माणूस पुढच्या वेळी घरीच बसतो आणि दुचाकीवर थकून जाणाऱ्यांची काळजी आयोजकाला रात्रभर झोपू देत नाही. न्यूयॉर्कमध्येही पॅलेडियमची लॅटिन ओळख रविवारच्या दुपारच्या नाचांतूनच सुरू झाली होती. लॅटिन म्हणजे मध्यरात्रच, हा समज क्लबच्या जाहिरातींनी रुजवला आहे.

जागा पाहायला जाताना चामड्याच्या तळव्याचे बूट घालून जावे. फरशीच्या मध्यभागी उभे राहून एका पायाच्या पुढच्या भागावर पूर्ण गिरकी घ्यावी. पाय अडखळला तर गुडघ्यावर ताण येतो आणि नाचणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी दुखणे लागते. पाय फारच सरकला तर सांडलेल्या थेंबभर बिअरवर कोणीतरी पडणार हे निश्चित समजावे. गुळगुळीत लादी, वाळूने भरलेली शॅकची लाकडी फळी आणि खडबडीत काँक्रीट या तिन्ही गोष्टी समुद्रकिनाऱ्यावर सहज सापडतात आणि तिन्ही नाचासाठी निरुपयोगी आहेत. जुन्या सामाजिक क्लबांची आणि लग्नाच्या हॉलची मोझेक फरशी बहुधा चांगली निघते, कारण ती पिढ्यान्‌पिढ्या नाचण्यासाठीच वापरली गेली आहे. दारूचे पेले फरशीवर न नेण्याचा नियम पहिल्या दिवसापासून लावावा आणि तो मोडणाऱ्याला डीजेने माइकवरून नव्हे, तर दारावरच्या माणसाने जवळ जाऊन सांगावा.

साउंडबाबत एक गोष्ट फार थोडे आयोजक तपासतात. उत्तर गोव्यातील बहुतेक क्लबांची यंत्रणा इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी लावलेली असते, म्हणजे सबवूफर जोरात आणि मधले स्वर दबलेले. सालसा नाचणारा मात्र पाय टाकतो तो क्लावेच्या दोन काठ्यांच्या टकटकीवर, काउबेल या घंटेवर आणि पियानोच्या पुनःपुन्हा येणाऱ्या आकृतीवर, आणि हे सारे मधल्या-वरच्या स्वरांत असते. सबवूफर निम्म्याने खाली आणून मधले स्वर वर काढले की नाचणाऱ्याला ताल स्वच्छ ऐकू येतो. शेजारच्या घरांच्या खिडक्या हादरवणारा भागही तोच सबवूफरचा खर्ज असल्यामुळे तक्रारीचे प्रमाणही कमी होते. साउंडचेकच्या वेळी नुसता क्लावे वाजणारा तुकडा लावून हॉलच्या चारही कोपऱ्यांत उभे राहावे, मग बाहेर रस्त्यावर जाऊन ऐकावे. प्रत्यक्ष वादक असतील तर काँगा या उंच ढोलाच्या कातड्याकडेही लक्ष ठेवावे लागते. गोव्याच्या दमट हवेत ते सैल पडून स्वर उतरतो, आणि कार्यक्रमाच्या तासभर आधी वादकाला वातानुकूलित हॉलमध्ये येऊ दिले नाही तर पहिल्या तीन गाण्यांत तो पाना घेऊन वाद्य कसत बसतो.

गाण्यांचे प्रमाण आधीच जाहीर करावे, उदाहरणार्थ दोन सालसा, दोन बचाटा आणि एक किझोम्बा, आणि मग ते पाळावे. रेगेटॉन हा जोडीविना नाचला जाणारा प्रकार शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवावा. तो लवकर सुरू झाला की जोड्या सुटतात, घोळके होतात आणि शिकायला आलेली माणसे निघून जातात.

कागद

परवानग्यांची यादी जागेगणिक बदलते, म्हणून जागामालकाकडे कोणते परवाने चालू मुदतीचे आहेत हे तोंडी न विचारता त्यांच्या प्रती मागाव्यात. पंचायतीचा किंवा नगरपालिकेचा व्यवसाय परवाना, अबकारी परवाना, खाद्यपदार्थांची नोंदणी, अग्निशमन दलाचा दाखला आणि ध्वनिवर्धकाची लेखी परवानगी या प्रती हाती नसतील तर आगाऊ रक्कम देऊ नये. परवाना नसलेल्या हॉलमध्ये दारू द्यायची असेल तर अबकारी खात्याकडून त्या प्रसंगापुरता परवाना घ्यावा लागतो, आणि गोव्यात दारू विकत घेण्याचे किमान वय २१ आहे हे दारावरच्या माणसाला ठाऊक असावे. किनाऱ्यालगत मांडव किंवा मंच उभारायचा असेल तर किनारी क्षेत्र नियमनाचा प्रश्न येतो. माझा सल्ला असा की पहिली काही वर्षे किनाऱ्याच्या वाटेला जाऊच नये.

अग्निशमन दाखल्याबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे. डिसेंबर २०२५ मध्ये उत्तर गोव्यातील हडफडे येथील नाइटक्लबला लागलेल्या आगीत २५ जणांचा जीव गेला आणि त्यांत तिथे काम करणाऱ्यांची संख्या मोठी होती. भाड्याने घेतलेल्या जागेत दुर्घटना घडली तर जबाबदारी मालकाची, असे मानून आयोजकाला हात झटकता येत नाहीत. आत किती माणसे गेली याची दारावर मोजणी असावी, बाहेर पडण्याचे किमान दोन मार्ग स्वतः चालून पाहावेत, त्यातल्या दुसऱ्या दाराला कुलूप आहे का आणि त्याच्यासमोर बिअरचे क्रेट रचले आहेत का हे कार्यक्रमाच्या दिवशी पुन्हा पाहावे, आणि झावळ्यांच्या छपराखाली आतषबाजी किंवा ठिणग्या उडवणारे यंत्र कोणी कितीही आग्रह केला तरी लावू देऊ नये.

संगीताच्या हक्कांचे दोन भाग असतात: गीत-स्वररचनेचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क. पहिल्यासाठी आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) ही नोंदणीकृत संस्था आहे, तर दुसऱ्यासाठी संबंधित ध्वनिमुद्रणाचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून परवाना घ्यावा लागतो. डीजेऐवजी बँड वाजणार असला तरी रचनेचा परवाना लागतोच. कॉपीराइट कायद्यात लग्नसमारंभांना असलेली सूट तिकीट लावलेल्या नाचाला लागू होत नाही, आणि लग्नाच्या हॉलमध्ये कार्यक्रम घेतल्याने ती मिळतही नाही. या बाबतीत हयगय केल्याची किंमत किती असते याचा धडा या क्षेत्रातील सर्वांत मोठ्या प्रमोटरच्या आयुष्यात सापडतो. ब्रुकलिनमध्ये वाढलेला राल्फ मर्काडो घरगुती पार्ट्यांपासून सुरुवात करून न्यूयॉर्कच्या चीता क्लबमधील लॅटिन रात्रींपर्यंत आणि पुढे मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील सालसा महोत्सवांपर्यंत पोहोचला. १९८७ मध्ये त्याने आरएमएम ही ध्वनिमुद्रण कंपनी काढली आणि टिटो पुएन्ते, सेलिया क्रूझ, मार्क अँथनी अशी नावे तिच्याकडे आली. मात्र गीतकाराच्या संमतीविना एका गीताचे शब्द बदलल्याच्या खटल्यात कंपनीवर लक्षावधी डॉलरच्या भरपाईचा निवाडा झाला, २००० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला आणि तिचा संगीतसंग्रह युनिव्हर्सलकडे गेला.

परदेशी शिक्षक किंवा डीजे बोलावताना त्याचा व्हिसा पाहावा. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला मानधन देऊन कार्यक्रम करायला लावणे बेकायदेशीर आहे, मग तो मोरजीत मित्राकडे राहायला आला असला आणि 'नुसते हौसेने वाजवतो' म्हणाला तरीही. रीतसर व्हिसावर आलेल्या परदेशी कलाकाराच्या मानधनातून २० टक्के आयकर आणि त्यावरचा उपकर कापून भरावा लागतो. हे करारातच लिहावे, अन्यथा 'हातात एवढे हवेत' म्हणणारा कलाकार आणि कर यांच्यामधला फरक आयोजकाच्या खिशातून जातो. संगीताच्या कार्यक्रमाचे माणशी ५०० रुपयांपर्यंतचे तिकीट जीएसटीतून मुक्त आहे आणि त्यावरच्या तिकिटाला १८ टक्के लागतात. तिकिटात पेय, जेवण किंवा वर्गाची फी एकत्र केली की हिशेब बदलतो, म्हणून तिकिटाची रचना छापायला टाकण्याआधी चार्टर्ड अकाउंटंटला दाखवावी.

स्थानिक वादकांशी व्यवहार मात्र अजून शब्दावर चालतो आणि तो शब्द पाळण्यावरच आयोजकाचे नाव टिकते. निम्मे मानधन तारीख ठरताना आणि निम्मे वादक मंचावर चढण्यापूर्वी द्यावे. कार्यक्रम संपल्यावर 'उद्या गुगल पे करतो' म्हणणाऱ्यांची कीर्ती म्हापशाहून मडगावला पोहोचायला एक रात्र पुरते.

दार आणि फरशीवरचे वर्तन

सोशल डान्समध्ये अनोळखी माणसे एकमेकांचा हात धरतात, जवळ येतात आणि गाणे संपताच वेगळी होतात. हे ज्याला समजत नाही असा एक पुरुष आत असला तरी आठ-दहा बायका पुन्हा येत नाहीत, आणि त्या आल्या नाहीत की पुढच्या महिन्यात हॉल पुरुषांनी भरलेला आणि नाच थांबलेला दिसतो. स्टॅग एंट्रीचा, म्हणजे एकट्या पुरुषाच्या प्रवेशाचा, दर वाढवणे हा क्लबचा उपाय इथे अपुरा आहे, कारण जास्त पैसे दिलेला माणूस त्याची वसुली करू पाहतो. त्याऐवजी एकट्या पुरुषाला आधीच्या वर्गात बसणे सक्तीचे करावे. तासभर शिक्षकाच्या नजरेखाली राहिल्यावर कोण शिकायला आला आहे आणि कोण नाही हे उघड होते. नाचाला नकार दिल्यावर कारण विचारायचे नाही, नवशिक्याला फरशीवर सुधारणा सांगायच्या नाहीत, संमतीशिवाय चित्रीकरण करायचे नाही, हे नियम दारावर कोकणी, मराठी आणि इंग्रजीत लावावेत, आणि तक्रार ऐकायला एक स्त्री स्वयंसेवक ठरलेली असावी. तक्रार आली तर त्या माणसाला त्याच संध्याकाळी पैसे परत करून बाहेर पाठवावे. तो मालकाचा मित्र असला तरी.

वाढ आणि पावसाळा

एक संध्याकाळ वर्षभर नेमाने चालली की मग वाढीचा विचार करावा. वाढ म्हणजे मोठा हॉल, असे लगेच समजू नये. ८० माणसांची गर्दी ३०० माणसांच्या हॉलमध्ये नेली की ती ओकीबोकी दिसते. फानिया ऑल-स्टार्स या वाद्यवृंदाचा ऑगस्ट १९७३ मधील यँकी स्टेडियमचा कार्यक्रम लॅटिन संगीताच्या इतिहासात गाजला, पण उत्साहाच्या भरात प्रेक्षक मैदानात घुसल्याने तो मध्येच थांबवावा लागला, हेही त्याच इतिहासात नोंदले गेले आहे. त्यापेक्षा दुसऱ्या तालुक्यात दुसरा वार सुरू करणे सोपे पडते. उत्तरेकडच्या बार्देशचा माणूस आठवड्याच्या मध्ये मडगावला जात नाही आणि मडगावचा पणजीला येत नाही, त्यामुळे दोन्ही संध्या एकमेकींचे गिऱ्हाईक ओढत नाहीत.

पावसाळ्यात हॉलचे भाडे खाली येते आणि हॉटेलांना कार्यक्रम हवे असतात. या चार महिन्यांत स्थानिकांसाठी आठ आठवड्यांचे अभ्यासवर्ग घ्यावेत, नोव्हेंबरपासूनच्या लग्नसराईसाठी 'संगीत' समारंभाच्या आणि नवरा-नवरीच्या पहिल्या नाचाच्या तयारीची कामे घ्यावीत, आणि कंपन्यांच्या संमेलनांसाठी हॉटेलांशी दर ठरवून ठेवावेत. सिझनमधील दोन मोठ्या रात्रींपेक्षा या कामांतून चार पैसे अधिक सुटतात, हे बहुतेक नव्या आयोजकांच्या उशिरा लक्षात येते. नृत्यसंध्येला नाव मिळू लागले की ते ट्रेडमार्क म्हणून मनोरंजन सेवांच्या ४१ व्या वर्गात नोंदवावे. भागीदार वेगळे झाल्यावर भांडण होते ते जुन्या स्पीकरवरून नव्हे, तर नावावरून आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिनपदावरून.

देणगीसाठी कार्यक्रम

लॅटिन संगीताच्या प्रमोटरांनी धर्मादाय काम केल्याची उदाहरणे कमी नाहीत. गायक मार्क अँथनी आणि प्रमोटर हेन्री कार्देनास यांनी २०१२ मध्ये माएस्त्रो केअर्स ही संस्था स्थापन केली आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकातील ला रोमाना येथे अनाथ मुलांसाठी निवासगृह बांधून कामाला सुरुवात केली. ज्या भूमीने संगीत दिले तिथेच ते पहिले काम उभे राहिले, ही निवड मला योग्य वाटते. गोव्यात त्याला समांतर कारण शोधायचे तर चर्चच्या आवारात चालत आलेल्या संगीतशाळांकडे पाहावे. याच परंपरेत स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेल्या मुलांनी पुढे मुंबईचे जॅझ बँड आणि चित्रपटांचे वाद्यवृंद भरून काढले. त्या परंपरेतील वयोवृद्ध वादकांचा औषधोपचार, गावातील मुलांसाठी वाद्ये, हॉलजवळच्या शाळेची गरज अशी कारणे निवडली तर येणाऱ्यांना ती आपली वाटतात आणि पैसे कुठे गेले हे प्रत्यक्ष पाहताही येते.

'नफ्यातील हिस्सा देणार' अशी घोषणा कधीही करू नये. नफा म्हणजे काय हे आयोजकच ठरवतो, आणि खर्च वजा जाता काही उरले नाही असे सांगण्याची वेळ आली की त्याची उरलेली विश्वासार्हताही जाते. 'प्रत्येक तिकिटामागे १०० रुपये' असे लिहावे. हॉल अर्धा रिकामा राहिला तरी ते १०० रुपये द्यायचेच असतात, म्हणून खर्चाचे गणित ते आधी वेगळे काढूनच करावे. कलाकारांना फुकट वाजवायला सांगू नये. ज्याला मानधन देणगी म्हणून परत द्यायचे असेल त्याने आधी ते घ्यावे आणि मग स्वतःच्या नावाने द्यावे, म्हणजे पावती त्याच्या नावाची होते.

देणगीची पेटी आणि क्यूआर कोड संस्थेच्या नावाचा असावा, आयोजकाच्या खात्याचा कदापि नसावा. ज्या संस्थेला पैसे द्यायचे आहेत तिचे नोंदणीपत्र, पॅन आणि देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी नोंदणी, जिला लोक ८०जी म्हणतात, या प्रती आधी घ्याव्यात. रोख देणगी २,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर ही सवलत मिळत नाही, हे पेटीवरच लिहून ठेवावे. गोव्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते, कारण हॉलमध्ये परदेशी पासपोर्टधारक असतातच. परदेशी नागरिकाकडून देणगी स्वीकारण्यासाठी संस्थेकडे विदेशी योगदान नियमन कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि हौसेने पेटीत टाकलेली युरोची नोट त्या संस्थेला अडचणीत आणू शकते. अशा पाहुण्याने तिकीट काढावे, टी-शर्ट विकत घ्यावा, पण देणगीच्या पेटीजवळ उभ्या स्वयंसेवकाने त्याला नम्रपणे थांबवावे आणि कारण सांगावे.

कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांच्या आत एका पानाचा हिशेब तयार करावा: विकलेली तिकिटे, मोफत दिलेली तिकिटे, तिकिटांमागची रक्कम, पेटीतील रक्कम आणि संस्थेच्या पावतीचा क्रमांक. मोफत तिकिटांचा आकडा लपवू नये, कारण दारावर उभ्या असलेल्या प्रत्येकाने तो पाहिलेला असतो. हे पान पुढच्या रविवारी हॉलच्या दारावर लावावे, समाजमाध्यमांवर टाकावे आणि एक प्रत जागामालकाला द्यावी, आणि संस्थेची पावती हाती आल्यावरच पुढच्या देणगी-कार्यक्रमाची तारीख जाहीर करावी.